आनंदा फिटरच्या घरची फळी

पहिली फळी वाया गेली तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि गावाला जाणारा टेम्पो चारला सुटणार होता.

लालबागच्या आमच्या चाळीच्या मागच्या आवारात फणसाचा पाच फुटी ओंडका आडवा पडला होता. त्याच्यावर, काप सरळ जावा म्हणून, गणपतीच्या कारखान्यातून मागून आणलेली ॲल्युमिनियमची शिडी, शिडीवर लोखंडी चौकटीत बसवलेली चेनसॉ, आणि चेनसॉच्या मागे मी. नाव दुर्गा, वय एकोणपन्नास, परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड सेक्शनला क्लार्क. याआधी आयुष्यात मी कापलेली सगळ्यात जाड वस्तू म्हणजे सुरण.

हे का करायची वेळ आली ते सांगते. आमचं गाव तळेखोंड, राजापूर तालुक्यात. शिमग्याला गावची देवी पालखीत बसते. पालखीत तिची रूपं, म्हणजे मुखवटे, ज्या फळीवर मांडतात ती अखंड फणसाची लागते, आणि ती द्यायचा मान आमच्या घराचा. द्यायची म्हणजे दुकानातून आणून द्यायची नव्हे. झाड घरातल्या माणसानं लावलेलं हवं आणि फळी घरातल्याच माणसाच्या हातानं चिरलेली हवी. दुसऱ्याचा हात लागला की मान त्याच्या घरी गेला. त्यामुळे ओंडका वखारीत नेऊन दहा मिनिटांत मोकळं व्हायची सोय नाही, कारण तिथं हात वखारवाल्याचा. एक फळी चाळीसेक वर्षं सहज जाते, म्हणून हा प्रश्न कधी माझ्यापर्यंत आला नव्हता. गेल्या शिमग्यात पालखी नाचवताना फळी मधोमध तडकली आणि प्रश्न आला.

झाड होतं. बाबा, म्हणजे आनंदा, मिलमध्ये फिटर म्हणून कायम झाले त्या वर्षी त्यांनी गावच्या फणसाची आठळी चाळीच्या आवारात लावली होती. आता चाळ पाडून टॉवर व्हायचाय, झाड तोडायची परवानगी निघाली, आणि पंधरा दिवसांपूर्वी ते तोडलं. खोडाचा बुंधा आम्ही मागून घेतला. झाड होतं, पण हात नव्हता. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे, गुडघे गेलेले, दोन वर्षांत तिसऱ्या माळ्यावरून खाली उतरलेले नाहीत. आणि त्यांना मी एकटीच.

कुशाबाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची सभा तळमजल्यावरच्या गावाच्या सामायिक खोलीत भरली, तिथं त्यांनी सांगून टाकलं की मुलगी ही घरातली धरत नाहीत, तेव्हा मान पुढच्या घराला जातो. मी उठून विचारलं, लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची होते ते कबूल, पण माझं लग्नच झालेलं नाही, तर मी नेमकी कुणाच्या घरची? लग्न न केल्याचा मला इतका उपयोग कधी झाला नव्हता. सगळे हसले. कुशाबाकाका हसले नाहीत. त्यांनी जुन्या माणसांना फोन लावले, आठ दिवस घेतले आणि निकाल दिला. दुर्गानं स्वतःच्या हातानं फळी चिरावी, चार फूट लांब, दीड फूट रुंद, अखंड. टेम्पो निघायच्या दिवशी चारच्या आत फळी टेम्पोपाशी उभी राहिली तर मान आनंदाच्या घरात. नाहीतर पुढच्या घरात. पुढचं घर त्यांचंच होतं, आणि त्यांच्या मुलानं गावी फळी चिरून तयार ठेवली होती. हेही त्यांनी लपवलं नाही. कुशाबाकाका लबाड नाहीत, ते नियमाचे आहेत, आणि ते मला जास्त जड जातं.

एका फळीसाठी एवढं काय, असं माझी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली. मला देवीचं फार काही नाही, खोटं कशाला बोलू? मला भीती होती ती बाबांची. संपात मिल बंद पडली आणि पुन्हा उघडणार नाही हे नक्की झालं, तेव्हा बाबा अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी लहान होते. पेज घेऊन गेले की ते म्हणायचे, ठेव. संध्याकाळी आई ती पेज तशीच परत न्यायची. बाराव्या दिवशी ते उठले, कारण तेव्हा ते चाळिशीचे होते आणि घरात दोन तोंडं होती. आता उठायला त्यांच्याकडे काही नाही. मिल गेली, आई गेली, गावात आता त्यांना ओळखणारी चार माणसं उरली, आणि ती ओळखतात ती फळीवाल्या घरचा आनंदा म्हणून. हेही त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं तर ते भिंतीकडे वळतील आणि या वेळी बारावा दिवस येणार नाही. हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि त्या भीतीनं मी गेला महिनाभर नीट जेवले नव्हते.

मशीन निलेशचं. शेजारच्या चाळीत राहतो, झाडं छाटणाऱ्या कंत्राटदाराकडे काम करतो, चेनसॉ मात्र त्याची स्वतःची. चौकट त्यानंच वेल्डिंग करून बनवली. तीन रविवार त्यानं मला टाकाऊ ओंडक्यांवर शिकवलं. झाडाची फांदी आडवी कापायला मशीनला अर्धं मिनिट लागतं, तो म्हणाला, पण फळी काढायची म्हणजे लाकूड उभं चिरायचं, शिरांच्या दिशेनं, पूर्ण रेस देऊन, दहा-दहा मिनिटं. त्यात मशीनचा जीव जातो. त्याला मशीनला हात लावायची मुभा होती, लाकडाला नाही. तसं कुशाबाकाकांनी त्याला दोनदा बजावलं होतं.

आणि आदल्या संध्याकाळी बाबांनी मशीनची पूजा केली. मिलमध्ये दसऱ्याला ते आपल्या खात्यातल्या मशिनांची करायचे तशी. मशीन वर नेऊन त्यांच्यासमोर पाटावर ठेवलं. त्यांनी हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल वाहिलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी मशीनच्या तोंडात पडायला हवं, असं ते म्हणाले. तोंड कुठलं ते त्यांनीच शोधलं. बाजूला जाळीसारख्या फटी असतात, त्या. मला मशीन तिरकं धरायला सांगितलं आणि सगळं पाणी त्यांनी सावकाश आत सोडलं. त्यांचा हात बऱ्याच दिवसांनी थरथरत नव्हता. मी मशीन तिरकं धरलं.

ओंडक्याचा गाभा तडकलेला होता, त्यामुळे गाभ्याच्या दोन्ही अंगांना एक-एक, अशा दोनच फळ्या निघणार होत्या. सकाळी आठला सुरुवात केली. वरचा गोलवा, म्हणजे सालीकडचा गोलसर भाग, निघाला, आणि फळीचा काप धरला. दीड फूट गेले असेन, मशीनचा आवाज बारीक झाला, गरम तेलाचा वास आला आणि ते बंद पडलं. दोरी ओढली, घेईना. पंधरा मिनिटं थांबलो, चालू झालं, हातभर चाललं, पुन्हा बंद. असं पाच वेळा. दर वेळी चेन नव्यानं धरताना काप वर-खाली होत गेला, लाकूड करपलं, आणि शेवटी जी निघाली तिला फळी म्हणायला मीच तयार नव्हते. एका टोकाला दोन इंच, मध्ये एक, पुढे अडीच. कुशाबाकाका सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ते उठले, टेपनं मोजलं आणि परत जाऊन बसले.

वरून बाबांचा आवाज आला. त्यांची खुर्ची आम्ही गॅलरीत कठड्याला लावून ठेवली होती. काय झालां गो बाय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ही सरावाची होती, खरी दुसरी.

ओंडका उलटा करायचा तर पहारी लावून चार माणसं हवीत. माणसं पुढे आली आणि सगळ्यांनी कुशाबाकाकांकडे पाहिलं. त्यांनी विचार करून सांगितलं, फळी निघत नाही तोवर ते झाडच आहे, लावा हात. मला त्यांचं तोंडही बघायची इच्छा नव्हती, पण हा निकाल दिला म्हणून मनात आभार मानले.

दुसऱ्या अंगाचा गोलवा काढायला पावणेदोन वाजले. त्यातही मशीन तीनदा बसलं. गोलवा वाकडा गेला तरी चालतो, तो फेकायचाच असतो. आता सपाट झालेलं, पिवळंधमक लाकूड समोर होतं, आणि त्यातून एकच काप घ्यायचा होता, सरळ. असल्या मशीननं तो येणार नव्हता. हे निलेशलाही माहीत होतं आणि मलाही. माझे हात कोपरापासून खाली बधिर झाले होते. मी जमिनीवर बसले आणि त्याला म्हटलं, काय ते शोधून काढ, मी आंधळेपणानं पुन्हा कापणार नाही.

त्यानं आधी चेन बघितली. बोथट चेन लाकडावर नुसती घासते आणि तापते. पण ती सकाळीच कानशीनं धारदार केली होती, तरी त्यानं एकेक दात पुन्हा घासला. मग चेन ज्या पट्टीवरून फिरते तिची खाच साफ केली, माझ्याच साडीची पिन घेऊन. चेनला तेल पोचतंय का ते बघायला मशीनचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिली. पुठ्ठ्यावर तेलाचे शिंतोडे उडाले, म्हणजे तेल पोचत होतं. मग पेट्रोल. यातल्या इंजिनला वेगळं तेल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, कमी पडलं तर पिस्टन तापतो. त्यानं टाकी ओतून दिली, जास्त तेल घालून नवं मिश्रण केलं, आणि चालू करताच आवारात एवढा धूर झाला की दुसऱ्या माळ्यावरून कुणीतरी दहावीच्या परीक्षेची आठवण करून दिली. लाकडाला न लावता मशीन पाच मिनिटं छान चाललं. मी गोलव्याच्या तुकड्यावर धरून पाहिलं. दोन मिनिटांत बसलं.

मग एअर फिल्टर काढला, टूथब्रशनं झाडला. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा सोडला, म्हणजे पेट्रोल जास्त जाईल आणि इंजिन गार राहील. पुन्हा तुकड्यावर धरलं. तीन मिनिटं. कुणीतरी बादली घेऊन आला आणि म्हणाला, ओता पाणी. निलेश त्याच्या अंगावरच गेला, तापलेल्या लोखंडावर पाणी ओतलं तर ते तडकेल म्हणून. बादलीवाला बिचारा चांगल्या मनानं आला होता. उन्हात तापतंय असं एकजण म्हणाला, म्हणून आम्ही गॅलरीच्या खांबांना चादर बांधली. तेव्हा मी निलेशला विचारलं की दुसरं मशीन कुठून मिळेल का. तो आधीच चार जणांना फोन लावून चुकला होता. माणसं कामावर, मशिनं झाडांवर. सव्वादोन वाजले होते.

खरं सांगते, तेव्हा माझं संपलं होतं. वर जाऊन बाबांना काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. सांगावं की फळी चांगली निघाली, टेम्पोनं गेली; त्यांना कोण सांगायला येतंय? पण शिमग्याला गावाहून फोन येणार, आणि कुणीतरी म्हणणारच की यंदा कुशाबाच्या घरची फळी. मी ओंडक्याला टेकून बसले आणि मला रडू आलं. कुशाबाकाकांसमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी आलं.

तेवढ्यात बाबांनी वरून हाक मारली. त्यांना ऐकू कमी येतं, पण मशीनचा आवाज त्यांनी सकाळपासून कान लावून ऐकला होता. मिलमध्ये वीस वर्षं त्यांनी मशिनं कानानंच ओळखली होती. कठड्यावर वाकून ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "बाय, तां तेलाचां नाय. त्येका वारो गावत नाय. वारो खंयसून घेता तां उघडून बघ."

त्याला वारा मिळत नाही, तो कुठून घेतं ते बघ. निलेश माझ्याकडे बघायला लागला. हे इंजिन वाऱ्यानंच गार होतं, तो म्हणाला. बाजूच्या फटींतून आतला पंखा हवा ओढतो आणि सिलिंडरवर सोडतो. त्या फटी तो रोज बाहेरून हवा मारून साफ करतो. आतलं कव्हर मात्र वर्षभर खोललेलं नाही, कारण चारातल्या एका स्क्रूचा माथा झिजलाय आणि तो निघत नाही. मी म्हटलं, तोड.

तोडायला वीस मिनिटं गेली. छिन्नी लावून त्यानं तो स्क्रू ठोकून काढला. कव्हर उघडलं. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पात्या असतात, एकमेकींत बोटभरही अंतर नाही, त्यांच्यामधून वारा वाहायचा असतो. त्या सगळ्या लिंपलेल्या होत्या. नारळाचं गोड पाणी आत जाऊन चिकट झालं होतं, त्यावर फणसाचा बारीक भुसा बसला होता, चिकाचा, आणि उष्णतेनं सगळं भाजून घट्ट झालं होतं. मध्ये कुंकवाचा लाल पट्टा. पंख्याच्या तळाशी चार तांदूळ आणि झेंडूची एक पाकळी, काळी पडलेली.

कुशाबाकाका केव्हा मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी वाकून त्या लगद्याचा तुकडा नखानं उचलला, नाकाशी धरला. खोबऱ्याचा करपट वास मलाही येत होता. त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं, तुकडा खाली टाकला आणि खुर्चीवर जाऊन बसले.

वरून बाबांनी विचारलं, गावलां काय?

त्यांनीच सांगितलं होतं कुठे बघायचं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एखादं मशीन दुरुस्त केलं होतं, तिसऱ्या माळ्यावरून, नुसत्या कानानं. आणि आता मी त्यांना काय सांगू, की वारा तुम्हीच कोंडलात? मी ओरडून म्हटलं, "गावलं, बाबा. भुसा अडकला होता. मी साफ न करताच चालवत राहिले, माझं चुकलं." ते खूश झाले. साफ करून घेण्याबद्दल त्यांनी मला चार शब्द सुनावलेसुद्धा.

निलेशनं लाकडाच्या काडीनं आणि ब्रशनं एकेक पाती मोकळी केली. तीनला पाच मिनिटं असताना कव्हर बसलं, तीन स्क्रूवर. तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला की सकाळपासून इतकं तापल्यावर पिस्टनला ओरखडे गेलेच असणार. आता गार राहील, पण किती वेळ चालेल सांगता येत नाही. मध्येच जाम झालं तर कायमचं जाम होईल. मी त्याला विचारलं, तुझं मशीन आहे, तू सांग. त्याचं सगळं काम त्या मशीनवर होतं. तो म्हणाला, चालवा ताई, पण थांबू नका.

मी चालवलं. आवाज वेगळा होता, भरलेला, सकाळी नव्हता तसा. भुसा पिवळा उडत होता, करपट नव्हता. चौकट सपाट लाकडावरून सरकत होती आणि मी तिच्यामागे बोट-बोट पुढे जात होते. मागे चिरलेला भाग मिटून चेनला दाबू नये म्हणून फटीत पाचर ठोकावी लागते. तीही मीच ठोकायची होती, एका हातानं, दुसऱ्या हातानं रेस न सोडता. एक फूट. दोन. निलेश माझ्या बाजूनं चालत होता, हात पाठीमागे बांधून, चुकून लाकडाला लागू नये म्हणून. तीन फुटांवर मशीनमधून टकटक ऐकू यायला लागली. निलेशचं तोंड पडलं. मी थांबले नाही. मी देवाला काही मागितलं नाही, मी मशीनला मागितलं, अजून हातभर, अजून एक हात, मग मर.

चार फुटांची खूण मी लाल खडूनं केली होती. ती चौकटीखाली दिसेनाशी झाली, पुढे चार बोटं गेली असतील, आणि मशीन एकदम गच्च थांबलं. निलेशनं दोरी ओढून पाहिली. दोरी हलेना. तो मशीनजवळ उकिडवा बसला, त्याच्यावर हात ठेवला आणि मान हलवली. त्याची भरपाई मी केली, पण त्या क्षणी त्याच्याकडे बघायलाही मला वेळ नव्हता.

फळी तीन बाजूंनी सुटी होती, शेवटाला ओंडक्याला जोडलेली. ती खुणेवर आडवी तोडली की झालं. हातकरवत घेतली. सुताराला पाच मिनिटांचं काम, मला वीस लागली. करवत अडकायची, मी शिव्या घालायचे, पुन्हा ओढायचे. उजव्या तळव्याची साल निघाली होती. फळी सुटली तेव्हा चारला दहा कमी होते. मी ती उचलली, छातीशी धरली, आणि आवार ओलांडून पुढच्या दारी टेम्पोपाशी नेली. ओलं फणसाचं लाकूड भलतं जड असतं. माणसं बाजूला होत गेली. हात कुणी लावला नाही, लावू शकत नव्हते.

पुढच्या दाराकडे आमची गॅलरी वळते. बाबा कठड्याला धरून त्या टोकापर्यंत आले होते, खुर्चीशिवाय, उभे.

कुशाबाकाकांनी टेप लावली. लांबी, रुंदी, जाडी तीन ठिकाणी. मग टेप खिशात घातली आणि म्हणाले, "फळी बरोबर आहे. आता गाऱ्हाणां घाल."

हे मी विसरले होते, किंवा मला कुणी सांगितलंच नव्हतं. कुठलीही गोष्ट देवीच्या हवाली करताना घरचा माणूस तिला समोर मानून गाऱ्हाणं घालतो, काय आणलं, कसं आणलं, काय चुकलं ते मोठ्यानं सांगतो, आणि जमलेली माणसं व्हय म्हाराजा म्हणतात. ते म्हटलं तरच दिलेलं पोचतं. आधी म्हणायचं मंडळाच्या अध्यक्षानं, मग बाकीच्यांनी. आणि देवीपुढे खोटं बोलायचं नाही, एवढा एक नियम सगळ्यांना माहीत असतो. गाऱ्हाण्याचे शब्द बाप मुलाला शिकवतो. मला कोण शिकवणार? मी त्या फळीला धरून उभी होते. वर बाबा कान देऊन ऐकत होते.

मी माझ्याच भाषेत बोलले. "आई म्हाराजा, ही आनंदा फिटरच्या घरची फळी. झाड त्यांनी लावलं, चिरली मी, दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. मशीन तापलं ते माझ्यामुळे, मला चालवता आलं नाही. बाबांनी पूजा रीतसर केली होती, नारळ चांगला होता, त्यांच्या हातून काही चुकलं नाही. जी चूक झाली ती माझी, ती पदरात घे आणि फळी तुझी म्हण."

दर वाक्याला थांबायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी एका दमात सगळं बोलून मोकळी झाले आणि मग कुणीच काही बोलेना. सगळे कुशाबाकाकांकडे बघत होते. त्यांनी तो लगदा स्वतःच्या नखावर घेतला होता. मी देवीपुढे काय बोलले ते त्यांना माहीत होतं, आणि नुसतं गप्प राहिले असते तरी मान त्यांच्या घरात गेला असता. आयुष्यभर त्यांनी एकही नियम मोडलेला मला आठवत नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, वर बाबांकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.

मग सगळ्यांनी म्हटलं. तिसऱ्या माळ्यावरून बाबांचा आवाज सगळ्यांच्या मागून आला.